देवळापर्यंतचे चारशे तेरा मीटर

३ नोव्हेंबर, सोमवार

दुपारी दुकान बंद ठेवून रस्ता मोजला. टेप लहान पडते, म्हणून सायकलच्या चाकाने. टायरवर खडूची खूण, चाकाचा घेर दोन मीटर वीस. औषधाच्या दुकानाच्या कोपऱ्यापासून देवळाच्या पायरीपर्यंत १८८ फेरे. म्हणजे ४१३ मीटर ६० सेंमी. पुन्हा मोजला तर अर्धा फेरा जास्त आला, पण त्या वेळी एका भाड्याच्या मोटारीला वळसा घालावा लागला होता. पहिला आकडा धरला.

प्रेमानंद काउंटरमागून ओरडला, "मास्तर, रस्तो इकत घेतास काय?" औषधाचं दुकान त्याचं, आणि आमच्या बाजारपेठ मंडळाचा अध्यक्षही तोच. सातवी शिकलेल्या माणसाला मास्तर म्हणायचं म्हणजे थट्टाच. पण सायकलीच्या बाबतीत पेडण्यात माझ्याहून जास्त कोणाला कळतं ते त्याने दाखवावं.

कारण असं. पणजीहून परिपत्रक आलं आहे. गावातला एक रस्ता एका रविवारी सकाळी गाड्यांना बंद ठेवायचा, लोकांनी चालायचं, सायकली चालवायच्या. जे मंडळ करील त्याला अनुदान. प्रे.ने वाचून वजनकाट्याखाली सारलं होतं. मी काढून घेतलं.

त्याला वाटतं, मला सायकलींचा धंदा वाढवायचा आहे. वाटू दे.

मला शैलाला रस्त्यावर आणायचं आहे. तेवढंच. हे फक्त या वहीत.

५ नोव्हें., बुध

घर रस्त्याच्या एका टोकाला, दुकान दुसऱ्या टोकाला, देवळासमोर. सतरा वर्षं रोज साडेपाचला शै. चहाचा थर्मास घेऊन दुकानावर यायची. मग देऊळ, मग दोघं घरी. मी सायकल हातात धरून, ती बाजूने. सायकलवर मागे कधी बसली नाही. "बसल्यार बोलूक जमणा नाय. तुमी पुढे बघतात," म्हणायची.

काय बोलायचो ते आठवायचा आज प्रयत्न केला. बांद्याला तिच्या माहेरी कोणाचं तरी लग्न. बांगड्यांचा भाव. बाकी नाही आठवत. जुन्या वह्या काढल्या. त्यांत मी काय लिहिलंय, तर हवामान आणि दिवसाची पंक्चरं.

९ नोव्हें., रवि

अर्ज लिहायला घेतला. शै. आत भांडी लावत होती. चालण्याच्या आवाजावरून मोजतो मी हल्ली. स्वयंपाकघर ते पुढचं दार सोळा पावलं. दाराशी थांबते, खिडकीचा गज धरते. परत सोळा.

अपघाताला पावणेदोन वर्षं झाली. पायातली सळी बसली, हाड जुळलं, म्हापशाचे डॉक्टर म्हणाले, आता चाला. घरात चालते. उंबऱ्याबाहेर नाही.

त्या संध्याकाळी आम्ही उजव्या बाजूने चालत होतो. ती जन्मभर डावीकडून चालणारी. मी पुस्तकात वाचलं होतं की पायी चालणाऱ्याने उजवीकडून जावं, म्हणजे समोरचं वाहन दिसतं. आठवडाभर तिच्या मागे लागून तिला उजवीकडे आणलं. भाड्याची स्कूटर समोरूनच आली. दिसलीही.

पुस्तकातलं चूक नव्हतं.

१४ नोव्हें., शुक्र

अर्ज दिला. मराठीत. पाच पानं, नकाशासकट. दोन्ही टोकांची रुंदी, गटारांच्या जागा, बसला वळण कुठून द्यायचं, पोदेराच्या सायकलला आत सोडायचं (ती सायकल आहे, गाडी नव्हे, हे स्पष्ट लिहिलं, नाहीतर एखादा उत्साही माणूस पाववाल्यालाच अडवायचा).

गाड्या भाड्याने देणारा संतोष दुकानावर आला होता. तोंडभर हसून म्हणाला, "लोकांक चलूक अनुदान? मास्तर, फुडल्या वर्सा श्वास घेवक पण मागून घेवा!"

सगळे हसले. मीही थोडा.

२१ नोव्हें., शुक्र

अर्ज परत. नववा रकाना चालला नाही, 'प्रत्यक्ष लाभ कोणाला होईल, एक उदाहरण द्यावे.' मी लिहिलं होतं, सर्व नागरिकांना.

कचेरीतल्या बाईंना फोन केला. आवाज चांगला आहे त्यांचा. "सगळे हेच लिहितात हो. एक माणूस दाखवा मला. खरा माणूस."

२२ नोव्हें., शनि

लिहिलं.

'एक महिला, वय ५१. अपघातानंतर पावणेदोन वर्षे घराबाहेर पडलेली नाही. स्वयंपाकघरापासून दारापर्यंत सोळा पावले, त्यापलीकडे जात नाही. खिडकीचा गज धरून उभी राहते. ट्रक गेला की डोळे मिटते. पूर्वी रोज सायंकाळी देवळापर्यंत चालत असे. रस्ता चार तास शांत मिळाल्यास तिचे पाऊल बाहेर पडेल असा विश्वास वाटतो.'

तीनदा वाचलं. एक शब्द हलवता येत नाही. इतकं नेमकं मी आजवर काही लिहिलेलं नाही. नाव दिलेलं नाही. पहिल्या दिवशी या वहीत काय लिहिलं होतं ते लक्षात आहे. पण नाव नाही म्हटल्यावर प्रश्न येत नाही.

तिला विचारायचं मनात आलं होतं. ती तांदूळ निवडत होती. राहिलं.

१२ डिसें., शुक्र

मंजूर! रवि. ११ जाने., सकाळी ६ ते १०. पत्रात 'अंदाजे ४०० मीटर' लिहिलंय. अंदाजे कशाला, मी आकडा दिला होता की.

१३ डिसें., शनि

शै.ला सांगितलं.

"गाडयेंचो रस्तो बंद? कोण करता?"

"मी."

हसली. खरंच हसली, पदर तोंडाला लावून. "तुमी? अवो, तुमका घरातलो नळ बंद करूक जमणा नाय!"

मग मी जेवायला बसलो तेव्हा, भात वाढताना, "बसपण येवची नाय?"

"नाही."

"ट्रक?"

"सायकलशिवाय काही नाही."

 माझ्या पानात भात दुप्पट पडला होता.

२० डिसें., शनि

माळ्यावरची चप्पल खाली आली आहे. मी काढलेली नाही. बुरशी पुसून खिडकीतल्या उन्हात ठेवली होती, अंगठा रस्त्याकडे करून.

पाहिलं नाही असं दाखवलं.

२८ डिसें., रवि

गावात पाय ठेवायला जागा नाही. मांद्र्याच्या किनाऱ्याकडे जाणाऱ्यांची रांग औषधाच्या दुकानापर्यंत. विमानतळाच्या टॅक्सी मध्येच घुसतात. शै. आज गजापाशीही आली नाही. मला भीती वाटली. संध्याकाळी मात्र आपणहून म्हणाली, "देवळापर्यंत म्हणा नको. पयलां दुकानापर्यंत बघया. मगे देवाचां बघया."

दुकान ते देऊळ पंधरा मीटरसुद्धा नाही. बोललो नाही.

१० जाने., शनि

उद्या. सकाळपासून रस्त्यावर चुन्याच्या रेघा मारतोय. मुलांना खेळायचा भाग, सायकलींचा, चालणाऱ्यांचा. प्रे. म्हणतो लग्नाचा मांडव घालतानाही कोणी दोरी लावून रेघ मारत नाही. दोरीशिवाय रेघ म्हणजे काय ते त्याच्या गोळ्यांच्या फळ्या बघून कळतं.

भोंगे चार. एक मुद्दाम आमच्या घरासमोरच्या खांबावर लावून घेतला. शै.ला घरबसल्या कळावं, कधी काय चाललंय.

बाबी गावकर आले होते. ऐंशीच्या वर वय. गावात बोअरवेल मारली, नवीन बस आली, कशाचीही सुरुवात त्यांच्या गाऱ्हाण्याने. हातात नारळ घेऊन देवापुढे गावाचं मागणं मोठ्याने मांडायचं, आणि लोकांनी व्हय म्हाराजा म्हणायचं. उद्याही तेच करणार. पण म्हातारा अडला होता. "माका सांग, मागूचां काय? गाडी मेळू दे म्हणान शंभर गाऱ्हाणी घातलंय. गाडी नको म्हणान आजून कोणी घालूक सांगूक नाय!"

माझ्या एका हातात दोरी, एका हातात चुन्याची बादली. गल्ल्यातली अर्जाची प्रत काढून दिली. म्हटलं, यात सगळं आहे, नीट लिहिलेलं आहे. त्यांनी चष्मा लावला, पहिलं पान पाहिलं, मान डोलावली, घडी करून खिशात ठेवली. "बरां अक्षर हां तुजां."

बरं वाटलं.

११ जाने., रवि, दुपार

क्रमाने लिहितो.

पावणेसहाला दोन्ही टोकांना आडवे कठडे. सहा वाजता रस्ता रिकामा. घराच्या दारात उभा असताना देवळातली घंटा ऐकू आली. हे घर बांधल्यापासून पहिल्यांदा. कावळे ऐकू आले. कोणाच्या तरी घरात कप विसळल्याचा आवाज.

शै. न्हाऊन बसली होती. निळं लुगडं. केसांत अबोलीचा वळेसर, तो कोणाकडून मागवला मला माहीत नाही. पायात चप्पल, घरात. असं ती कधी करत नाही.

मी म्हटलं, चल. म्हणाली, "तुमी व्हा फुडे. गाऱ्हाणां जाव दे. मगे मी आपणां येतंय. माज्यासाठी थांबल्यात तर माका जमाचां नाय."

गेलो. दोनशे तरी माणसं होती. बेळगावचे गवंडी सायकली पुसून आले होते, त्यांच्यातला बसाप्पा तर इस्त्रीचा शर्ट घालून. संतोषसुद्धा आला, पायी, वर म्हणाला, "बघूक इलंय, चलूक नाय." पणजीच्या बाई वेळेवर.

बाबी गावकरांनी नारळ हातात घेतला. ध्वनिक्षेपक त्यांच्या तोंडाशी.

"बा देवा म्हाराजा! आज ही तुजी लेकरां गाडये घराकडे ठेवन, पायांनी चलत तुज्या दारात इली आसत!"

व्हय म्हाराजा!

"त्यांचे हातपाय धड ठेव, रस्त्यार त्यांची राखण कर!"

व्हय म्हाराजा!

"आणि आमच्या सायकलवाल्या मास्तराची ती शैला, वर्स दोन वर्सां घराभायर पडाक नाय. सोळा पावलांच्या पलीकडे जायना. गज धरून रवता, ट्रक गेलो की डोळे मिटता. तिच्या मनातलो भंय काढून टाक, आणि आज ह्या रस्त्यार तिका चलत आण रे म्हाराजा!"

दोनशे माणसं. व्हय म्हाराजा. इतक्या मनापासून मी ते कधी ऐकलं नव्हतं. बायका डोळे पुसत होत्या. चारही भोंगे.

माझेच शब्द. एकही हललेला नव्हता.

सायकल घेऊन घराकडे सुटलो. चालणाऱ्यांच्या भागातून, माझ्याच रेघेवरून. दार लावलेलं. मागच्या दाराने आत गेलो. शै.च्या पायात चप्पल नव्हती. चुलीकडे तोंड करून उभी.

दहाला रस्ता सुरू झाला. सगळे म्हणाले, असा रविवार गावात झाला नाही. मुलं ऐकेनात, कठडे उचलायला देईनात.

१२ जाने., सोम

जेवण केलं. वाढलं. बोलली नाही.

१३ जाने., मंगळ

मी म्हटलं, "अर्जात नाव नव्हतं."

"गावात सोळा पावलां चलणारी आजून कितकी आसत?"

मग माझं ताट उचलता उचलता,

"आणि सोळा नाय. एकोणीस. दाराकडची ल्हान पावलां तुमका आयकाक येणत नाय. भायर बसान कानांनी मोजतात तुमी."

१५ जाने., गुरु

बायका येतात. कोणी देवाचं तीर्थ आणतं, कोणी पायाला चोळायचं तेल. "देवान आयकलां काय गो?" शै. आत झोपल्याचं सांगायला लावते. कधी खोटं बोलायला न लावणारी.

संध्याकाळी बाबी गावकर स्वतः दुकानावर. नारळ घेऊन. दारातल्या बाकावर बसले. "माजां काय चुकलां काय रे? नाव घेतल्याबिगर देवाक पत्तो कसो कळतलो?"

म्हटलं, नाही, तुमचं काही चुकलं नाही. खरंच नव्हतं.

१९ जाने., सोम

बाईंचा फोन. वर खूप कौतुक झालं म्हणे. मार्चात आणखी एक रविवार देतात. मात्र अहवाल हवा. अहवालात रकाना आहे, 'उदाहरणातील व्यक्तीची प्रगती.'

इतर सगळं भरलं. किती सायकली, किती माणसं, मुलं वेगळी. तो रकाना रिकामा ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा एखादा कागद अर्धा ठेवून उठलो. हाताला चैन पडत नव्हती.

२४ जाने., शनि

आज बोलली. कपडे घडी करत होती, माझ्याकडे न बघता.

"त्या दिवशी मी येय होतंय."

"कुठे?"

"खय म्हणजे काय, दुकानार. दोन पायऱ्यो उतारलेलंय मी. दोन. मगे तो भोंगो."

तिने एक सदरा उलगडून पुन्हा घडी केला.

"मगे सगळो गाव व्हय म्हाराजा म्हणालो. आता मी भायर इलंय तर देवान आणलां म्हणतले. इलंय नाय तर म्हणतले, देवाचांपण आयकणा नाय ही. मी येवचां खयसून? माजां म्हणान काय रवलां?"

सदरा चौथ्यांदा घडी केला तिने, तोच.

"तुमी माका इचारल्यात नाय."

"नाही विचारलं."

मग जे पावणेदोन वर्षं तोंडातून निघत नव्हतं ते निघालं. म्हटलं, तुला उजवीकडून चाल म्हणणारा मीच. तुझ्या सवयीने डावीकडून चालली असतीस तर.

तिने बघितलं माझ्याकडे. रागाने नाही. नवल वाटल्यासारखं. "त्याचां काय आसा? स्कूटर ती. त्या दिवशी तुमी माज्या वांगडा, माज्या बाजूक होतात मा. ह्या वेळेक तुमी माका एकटीक सगळ्या गावाफुडे उभी केल्यात."

सदरा कपाटात ठेवून गेली.

मी एवढे दिवस चुकीच्या गोष्टीसाठी स्वतःला बोल लावत होतो. बरोबरच्या गोष्टीसाठी लावायला सोपं जाईल असं वाटलं होतं. जात नाही.

३० जाने., शुक्र

बाईंना फोन करून सांगितलं, नववा रकाना अर्जातून काढून टाका. म्हणाल्या, मंजूर झालेला कागद बदलत नाहीत. मग निदान कोणाला वाचायला देऊ नका, म्हटलं. त्यांनी विचारलं, "तुमच्या घरातल्या आहेत का हो?" हो म्हणालो. म्हणाल्या, कपाटात ठेवते, किल्ली माझ्याकडे असते.

मार्चचं मंडळाने करावं, मी रेघा मारून देईन, बाकी कशात नाही, हे प्रे.ला कळवलं. तो उखडला. "ढोल वाजवक लागल्यार नाचणारोच पळालो!" बाबींना देवळात वेगळं सांगितलं. शैलाचं नाव पुन्हा देवाकडे न्यायचं नाही. ते म्हणाले, "घातलेलां गाऱ्हाणां परत घेवक येणा नाय, बाबा. पण फुडे बोलाचंय नाय."

१ फेब्रु., रवि

रस्ता नेहमीसारखा. चुना टायरांनी पुसून गेला. देवळाच्या बाजूला हातभर रेघ उरली आहे, सरळ.

शै. दाराशी उभी होती. मी मोजलं नाही. कानात बोटं घालता येत नाहीत, पण रेडिओ लावला.

३ फेब्रु., मंगळ

दुकानात बसून लिहितो आहे. पाच वाजून दहा.

दुपारी जेवून निघताना शै. म्हणाली, "साडेपाचाक दुकानार आसतलात?"

"असतो की."

"रस्त्याकडे बघीत रवा नको. तुमी बघतात तां माका लांबसून कळता. आणि कोणाक सांगा नको. देवाक पण."

"येणार आहेस?"

"तां माका म्हायत नाय." मग दार लावता लावता, "इलंय तरी कायएक बोला नको. नाय इलंय तरी."

रस्त्यावर आज काहीच बंद नाही. म्हापशाची बस आली आणि गेली. खडीचे दोन ट्रक. संतोषच्या भाड्याच्या स्कूटर, तीन, चार. एक पाहुणा फोनमध्ये बघत चुकीच्या बाजूने. मनात आलं, उठावं, निदान औषधाच्या दुकानापर्यंत जाऊन उभं राहावं. प्रे.ला सांगावं, पाच मिनिटं गाड्या थोपव. उठलो होतो. पुन्हा बसलो.

स्टूल फिरवून घेतलं आहे. पाठ रस्त्याकडे. समोर भिंत, तीवर टांगलेल्या ट्यूब, कॅलेंडर.

सतरा वर्षं ती रोज यायची आणि एकदाही मी तिची वाट पाहिली नव्हती. चहा समोर आला की कळायचं, साडेपाच झाले. आज पाठीला कान फुटलेत. चपलेचा प्रत्येक आवाज लुगड्यातल्या बाईचा वाटतो. एक तर गवंड्याचा निघाला, हवा भरायला आला होता, भरून गेला.

पाच सव्वीस.

बसाप्पाची सायकल उलटी करून ठेवली आहे, मागचा ब्रेक लावायचा आहे. वही मिटतो. काम न करता भिंतीकडे तोंड करून बसलेला माणूस कशासाठी बसलाय ते रस्त्याच्या त्या टोकावरूनही ओळखू येतं.